मागचा माणूस

माझ्या छातीवर नंबर नाही, खांद्यावर पोतं आहे.
शेवटचा धावणारा पुढे गेला की झाडाची रिबीन सोडायची,
पोत्यात टाकायची, पुढच्या रिबिनीकडे चालू लागायचं.
त्याच्या टाचेवर यायचं नाही, घाई करायची नाही,
एवढंच सांगितलंय. बाकी माफातची ही दरी मला तोंडपाठ आहे.
लहानपणी याच वाटेनं डोक्यावर तांदळाची गोणी घेऊन
अनवाणी यायचो रोश प्लाटला.
टाळ्या वाजवायला कुणी उभं नसायचं.

यंदा शेवटची आहे ज्योसियान.
ल पोर्तच्या शाळेत पाचशे पोरांचा भात रांधते.
दोन रात्री तिच्या डोळ्याला डोळा नाही.
मघाशी एका दगडाला म्हणाली, "मादाम, जरा सरकता का?"
मग स्वतःच हसली.
मग बराच वेळ हसली नाही.

उतारावर तिचे गुडघे मला इथवर ऐकू येतात.
मी बॅटरी खाली धरतो, तिच्या पायापुरता उजेड पडेल अशी.
तिनं ओकलं तेव्हा मी सुरूच्या झाडांकडे बघत उभा राहिलो.
दरीत एका वाडीचा कोंबडा आरवतो,
पलीकडच्या वाडीतला त्याला उत्तर देतो,
दोघांच्या मध्ये हजार फूट नुसती हवा.

ही वाट पहिल्यांदा पाडली ती मळ्यांतून पळालेल्यांनी.
आजी सांगायची, ते रात्रीच पळत, बायका पोरं पाठीशी बांधून.
त्यांच्याही मागून शेवटी कुणीतरी यायचं.
रिबिनी सोडायला नाही.
हे मी ज्योसियानला सांगत नाही.
तिला म्हणतो, पुढच्या वळणावर पाणी आहे, गार आहे.

रोश प्लाटच्या शाळेपुढे तंबू, टेबल, घड्याळ.
साडेसहाला फाटक बंद.
आम्ही सहा चौतीसला.
कात्री माझ्याच बहिणीच्या पोराच्या हातात, वॅल्मीरच्या.
त्यानं माझ्याकडे बघायचं टाळलं.
तिच्या नंबराचा कोपरा कापला, कच्‌, एवढासा आवाज,
आणि तिच्या हातात शेवयांचं सूप दिलं.

ती सूप प्यायली. भांडं विसळून जागेवर ठेवलं.
मग विचारलं, "बस कुठून मिळेल?"

वॅल्मीर जमिनीकडे बघत राहिला.
इथं रस्ता नाही, बाई. कधीच नव्हता.
गॅसची टाकी, छपराचा पत्रा, बाळंतीण,
सगळं वरून, हेलिकॉप्टरनं.
"पाय मोडलाय का?" मी विचारलं.
"नाही."
"मग चालत."

तिनं मान वर केली. माइदोचा कडा हजार मीटर,
भिंतीसारखा उभा, माथ्यावर नुकतं ऊन आलेलं.
दहा-बारा ठिपके अजून सरकत होते तिथं, आत घेतलेल्यांचे.
तिनं एक शिवी दिली, आमच्या क्रेओलीत, अस्सल,
इतकी अस्सल की वॅल्मीरला हसू आवरेना.
मग बुटाची नाडी बांधली.

आता ती माझ्यापुढे नाही, बरोबर आहे.
डावीकडच्या रिबिनी तिच्या, उजवीकडच्या माझ्या.
माझी नखं गाठीत अडकतात, ती एक टोक ओढते
आणि सगळं सुळ्‌कन सुटतं.
"तांदळाच्या पोत्याची शिवण," ती म्हणते,
"टोक कुठलं ते कळलं पाहिजे."
दर वीस पावलांवर टेकतो. ती घड्याळ बघत नाही.
एकदा बघितलं, सवयीनं, आणि मनगट बाही खाली घेतलं.

निम्म्या चढावर कपारीत संत एक्स्पेदीचं देवघर आहे,
लाल रंगाचं, बुटाच्या खोक्याएवढं.
शेजारच्या झुडपाला लाल चिंधी, उन्हानं उडालेली.
तिचे हात चालूच होते. गाठ अर्धी सुटली.

"ती नको," मी म्हणालो. "ती शर्यतीची नाही."

ती थांबली. धाप लागली होती.
कुणाची, विचारलं नाही.
अर्धी सोडलेली गाठ परत बांधली,
होती त्याहून जरा घट्ट.